थोरलीचा आरसा, धाकटीचं झाकण

थोरलीच्या नाकाला सगळी संस्था वचकून असे. आरशाच्या खोलीत जायचं तर एकामागे एक दोन दारं, दोन दारांच्या मध्ये पाच पावलांची चिंचोळी जागा, आणि त्या जागेत स्टुलावर थोरली. समोरच्याने पांढरा झगा अंगात चढवण्याआधी ती उठून त्याच्या मानेशी, मनगटांशी नाक न्यायची. दाढीनंतरचं लोशन, केसांचं तेल, हातांना चोळलेलं क्रीम, काहीही निघालं की एकच शब्द, "परत." मोठे शास्त्रज्ञही परत, कोण कुठले पाहुणेही परत. एकदा तर संस्थेचे अध्यक्ष परत गेले, कारण सर्दी झाली म्हणून त्यांनी नाकाखाली बाम लावला होता. लोक पाठीमागे तिला नाकेदारीण म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. एखाद्या दारावर तरी आपली सत्ता चालावी असं कुणाला वाटत नाही?

आता एवढा जाच कशापायी, तर आत दुर्बिणीचा आरसा होता. ही दुर्बीण जमिनीवर राहणारी नव्हे. पृथ्वीभोवती फिरत राहून ती अतिनील प्रकाशात आकाश बघणार होती. अतिनील म्हणजे जांभळ्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश. खूप तापलेले तारे त्या प्रकाशात झगझगतात, पण आपली हवा तो खाली पोचूच देत नाही, म्हणून त्याला भेटायला वर जावं लागतं. आणि हा पाहुणा भारी नाजूक. धुळीपेक्षा त्याला भय वाफेचं. तळहातावरचं क्रीम, डिंक, रंग, वायरीवरचं प्लास्टिक या सगळ्यांतून न दिसणारी वाफ सुटत असते. ती आरशावर जाऊन बसते, आणि केसाच्या जाडीचा दहा हजारावा भाग एवढा थर जमला की अतिनील प्रकाश तिथेच गिळला जातो. आरसा बघावा तर लखलखीत, आणि दुर्बीण मात्र अर्धी आंधळी.

म्हणून आरशाशेजारी नाण्याएवढ्या काचा मांडलेल्या असत. त्यांवर आरशासारखाच ॲल्युमिनियमचा लेप होता. त्यांना साक्षीदार म्हणत. दर सोमवारी थोरली एक साक्षीदार चिमट्याने उचलून तपासायला नेई. साक्षीदार स्वच्छ तर आरसा स्वच्छ. अकरा वर्षांत एकही साक्षीदार तिच्याविरुद्ध बोलला नव्हता.

ती काही शास्त्रज्ञ नव्हती. बाप चष्म्याच्या काचा घासायचा, त्याच्या दुकानात तिचे हात काचेला सरावले. संस्थेत ती लागली बाटल्या आणि काचा धुणारी मदतनीस म्हणून. तिथून आरशापर्यंत तिला कुणी आणलं नाही, तिची ती आली. हातमोज्यांचं नवं खोकं आलं की ते फोडून ती आधी वास घ्यायची आणि सांगायची, हे नकोत, यांत काहीतरी तेलकट आहे. मग प्रयोगशाळेतली माणसं दोन दिवस यंत्रं चालवून तोच निकाल काढायची. असं चार-पाच वेळा झालं, तेव्हा कुठे तिला स्टूल मिळालं.

या स्टुलाची किंमत ती घरी मोजत होती. केसांना तेल नाही, रंग नाही, तोंडाला पावडर नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिचं डोकं कापसासारखं पांढरं झालं. थंडीत बोटांना भेगा पडून रक्त यायचं, पण क्रीम लावायचं नाही, कारण ते धुतलं तरी कातडीत मुरून राहतं. या सगळ्याची तिला सवय झाली होती. सवय झाली नाही ती सासूबाईंच्या गुडघ्यांची.

सासूबाईंचे गुडघे धरलेले. त्यांना रोज सकाळी मलम चोळून घ्यायची सवय, आणि ते मलम असं जालीम की जिन्यात वास यावा. पहिली काही वर्षं ते काम थोरलीकडे होतं. आरसा आला आणि तिने ते सोडलं. किती वेळा समजावून सांगितलं, "आई, माझ्या हातांना वास राहतो, मला आत जाता येत नाही." सासूबाई मान हलवायच्या आणि शेजारणीला सांगायच्या, "थोरलीला माझ्या गुडघ्यांची किळस येते." नवऱ्याने मध्ये पडावं, तर तो लिफ्टदुरुस्तीवाला, दिवसभर लोकांना वर-खाली करून दमलेला. घरी कुणाची बाजू घ्यायची ताकद त्याच्यात उरत नसे.

आणि मग धाकटी आली.

धाकटी म्हणजे दिराची बायको. सहा वर्षांपूर्वी लग्न होऊन या घरात आली, आणि दोन वर्षांनी त्याच संस्थेत लागली. कुठे, तर नियंत्रण कक्षात. तिचं शिक्षण उपग्रह चालवण्याचं. दुर्बीण वर गेली की तिने कुठल्या वेळी कुठे तोंड फिरवायचं, वाटेत एखादा फार तेजस्वी तारा आडवा आला तर प्रकाश मोजणारं यंत्र जळू नये म्हणून कसं वळसा घालून न्यायचं, हे सगळं धाकटी ठरवणार होती. कामात ती हुशार होती, याबद्दल थोरलीची तक्रार नव्हती. तक्रार हीच होती.

ती घरात आल्या आल्या मलमाची बाटली तिच्या हातात गेली. तिला काय, तिच्या हातांना आरसा शिवायचा नव्हता. रोज सकाळी सासूबाईंच्या पायांशी बसून ती गुडघे चोळायची, चोळताना गप्पा मारायची, नंतर केसांना तेल लावून, अत्तराचा एक थेंब कानामागे टेकवून कामाला निघायची. दोघी एकाच बसने जायच्या. धाकटी घमघमायची आणि थोरली साध्या साबणासारखी वासाविना तिच्या शेजारी बसायची. कानामागून आली आणि तिखट झाली असं म्हणतात. ही तर गोड झाली होती, आणि ते जास्त झोंबत होतं.

हेवा वाटतोय हे थोरलीला नीट कळत होतं. तिने स्वतःला दुसरं काही सांगितलं नाही. धाकटीचे काळेभोर केस बघितले की तिच्या पोटात दुखायचं, धाकटीची थट्टा सासूबाईंना हसवून गेली की दुखायचं, आणि जेवताना दीर-नवरा नियंत्रण कक्षातल्या गमती ऐकत बसले की घास उतरायचा नाही.

एकदा धाकटी आरसा बघायला आली. तिला रीतसर परवानगी होती. थोरलीने मानेशी नाक नेलं आणि म्हणाली, "परत."

"ताई, आज अत्तर नाही लावलं."

"कालचं आहे."

मागे उभी असलेली दोन माणसं हसली. धाकटी परत गेली. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिने केस दोनदा धुतलेले होते, अंगाला साबणाखेरीज कसलाही वास नव्हता, आणि त्या दिवशी सासूबाईंचे गुडघे तसेच राहिले होते. थोरलीला तिला आत घ्यावंच लागलं. आत गेल्यावर धाकटी आरशापासून दोन हातांवर उभी राहिली आणि एकामागून एक विचारत गेली. हा कशाला घाबरतो, वाफ कुठून येते, वर गेल्यावर कुणाची वाफ सुटणार. इतकं नेमकं तिला कुणी कधी विचारलं नव्हतं. थोरली अर्धा तास बोलली. वर हवा नसल्याने डिंकातून आणि रंगातून उरलीसुरली वाफ भराभर निघते, म्हणून दुर्बिणीचं झाकण पहिले काही आठवडे बंद ठेवायचं. झाकण उघडलं की आत ऊन परावर्तित होतं, आणि उन्हाने तो थर आरशावर पक्का होतो. ओला डाग निघतो, उन्हात वाळलेला निघत नाही, असं तिने सांगितलं. त्या अर्ध्या तासात तिला धाकटी आवडली. हे खोटं नव्हे.

संध्याकाळी ती पोळली. धाकटीने तीच सगळी हकिगत घरी सांगितली, डागासकट. सासूबाई पाय लांब करून ऐकत होत्या. "अगंबाई, म्हणून थोरली मलम लावत नाही होय," त्या म्हणाल्या. "किती छान समजावून सांगतेस गं तू." अकरा वर्षं थोरलीने जे सांगितलं ते त्यांना धाकटीच्या तोंडून एका बैठकीत पटलं. थोरली भांडी आवरायला उठून गेली. मेहनत माझी, गाऱ्हाणं माझं, आणि शाबासकी हिला, हे तिच्या डोक्यातून आठवडाभर गेलं नाही.

दुर्बीण रवाना व्हायच्या तीन आठवडे आधी एक गोष्ट घडली. ती वरवर किरकोळ होती. हादऱ्यांच्या चाचणीत नळीच्या पुढच्या टोकाचं काळं कडं एका बाजूने सुटलं. इकडचा तिकडचा प्रकाश आत येऊ नये म्हणून ते कडं असतं. ते पुन्हा चिकटवलं. नियम असा की नवा डिंक लावला की सगळं कडं गरम पेटीत दहा दिवस भाजून काढायचं, म्हणजे त्याची वाफ जमिनीवरच निघून जाते. तेवढे दिवस हातात नव्हते. थोरलीने वास घेतला आणि चाचणीच्या इंजिनियरला म्हणाली, "हे वर जाऊन वाफ सोडणार. झाकण बंद ठेवायचे पंचेचाळीस दिवस पुरायचे नाहीत."

"दुर्बिणीत स्फटिकाचा तराजू आहे ना," तो म्हणाला. "त्यावर वाफ बसली की वजन वाढतं, रोज किती वाढलं त्याचा आकडा खाली येतो. आकडा शून्यावर आल्याशिवाय कोण उघडतंय?"

"तराजू मागे आरशाजवळ आहे. कडं पुढे झाकणाशी. ते तिथे गारठलेलं राहणार, त्याची वाफ गप्प बसणार. झाकण उघडून ऊन लागलं की मग सुटणार. आधी कड्याचे हीटर वीस दिवस लावून ठेवा आणि मगच उघडा."

"बरोबर आहे. वर गेल्यावर बघू, तेव्हा तुम्हाला विचारूच," असं म्हणून तो कामाला लागला, आणि महिन्याभरात दुसरीकडची नोकरी धरून गेला. कागदावर पंचेचाळीस दिवस तसेच राहिले. थोरलीने आपल्या दैनंदिन वहीत एक ओळ लिहिली: पुढचं कडं पुन्हा चिकटवलं, भाजलेलं नाही. त्यापुढे काय करायचं ते फक्त तिला ठाऊक होतं.

दुर्बीण व्यवस्थित वर गेली. दिवसातून सहा-सात वेळा ती संस्थेच्या अँटेनावरून जायची, दर वेळी अकरा मिनिटं, आणि तेवढ्यात तिच्याशी बोलून घ्यायचं. बोलायला धाकटी. झाकण उघडण्याचं काम प्रमुखांनी तिच्याकडेच दिलं. वर्तमानपत्रात मोठं छायाचित्र आलं, नियंत्रण कक्षात कानाला यंत्र लावून मध्यभागी धाकटी. खाली बारीकसं दुसरं छायाचित्र होतं, आरशाच्या खोलीतल्या पाच जणांचं, झग्यात आणि मुखपट्टीत, नुसते डोळे दिसणारं. सासूबाईंनी चष्मा पुसून ते बघितलं आणि विचारलं, "यात तू कुठली गं?" थोरलीने बोट ठेवून दाखवलं. तिने स्वतः डावीकडून मोजून ओळखलं होतं.

वरचं छायाचित्र कापून भिंतीवर लावलं गेलं. खालचं कात्रीत गेलं.

चव्वेचाळिसाव्या दिवशी सकाळी थोरली स्वयंपाकघरात डबे भरत होती. धाकटी आतून सासूबाईंचे गुडघे चोळून आली. हात धुतले नव्हते.

"ताई, एक विचारू?"

"विचार."

"उद्या अकरा वीसला झाकण उघडायचंय. कागदावरचे पंचेचाळीस दिवस उद्या भरतात, तराजूचा आकडाही शून्याला टेकलाय. सगळं ठीक आहे. पण मला उगाच धाकधूक होतेय." ती हळू आवाजात बोलत होती. "तुम्ही त्या आरशापाशी इतकी वर्षं काढलीत. कागदावर नसलेलं काही आहे का? तुम्ही थांब म्हणालात तर मी प्रमुखांना सांगते, आणखी थांबू. ते माझं ऐकतील."

थोरलीच्या ओठांवर आलं होतं. कड्याचे हीटर लाव, वीस दिवस. चार-पाच शब्दांचं काम. डब्याचं झाकण हातात धरून ती उभी राहिली. ते माझं ऐकतील, असं ही म्हणाली. म्हणजे मी सांगायचं हिला, हिने सांगायचं त्यांना, आणि दुर्बीण वाचवली कुणी, तर हिने. संध्याकाळी ही पुन्हा पाय दुमडून बसणार आणि छान समजावून सांगणार.

तेवढ्यात आतून सासूबाई म्हणाल्या, "धाकटे, उद्या फोटोवाले येतील ना? निळं घाल गं. तुला खुलतं."

"कागदावर काय लिहिलंय?" थोरलीने विचारलं.

"पंचेचाळीस दिवस."

"मग मला काय विचारतेस? शिकलेल्या माणसांनी लिहिलाय कागद."

"म्हणजे उघडू?"

"मी कोण हो-नाही म्हणणार? मी दारावर बसणारी बाई."

धाकटी हसली. तिला ते नेहमीचं तिरकस बोलणं वाटलं, आणि नाही म्हटलं नाही म्हणजे हो, असा तिने अर्थ घेतला. "बरं वाटलं विचारून," ती म्हणाली आणि थोरलीचा खांदा दाबून गेली. मलमाचा वास खांद्याला लागून राहिला. थोरलीने दिवसभर तो कपडा बदलला नाही. आरसा वर गेल्यापासून तिला कुणी हुंगायला येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अकराला ती तळमजल्यावर रिकाम्या पेट्या पुसत होती. अजून सांगता येईल, हे तिला कळत होतं. ती दोन जिने चढून वरही गेली. नियंत्रण कक्षाला कॉरिडॉरच्या बाजूने काच आहे. आत बारा-तेरा माणसं धाकटीच्या खुर्चीभोवती उभी होती. निळं खरंच खुलत होतं. घड्याळात अकरा अठरा. धाकटीची नजर वर गेली, तिला काचेबाहेर थोरली दिसली, आणि तिचा चेहरा असा फुलला की बघणाऱ्याने लाजावं. हाताने तिने आत बोलावलं, शेजारची खुर्ची दाखवली. थोरलीला वाटलं, दानशूर बघा, माझ्याच आरशाचं निमंत्रण मला देतेय. ती मान हलवून जिना उतरली. खाली आली तेव्हा वर टाळ्या वाजत होत्या.

पहिला तारा सुरेख दिसला. तपासणीसाठी एक ठरलेला तारा असतो, त्याचा प्रकाश बदलत नाही. दर सोमवारी दुर्बीण त्याच्याकडे वळवून प्रकाशाचे कण मोजायचे. पहिल्या सोमवारी शंभर धरले तर दुसऱ्या सोमवारी एक्क्याण्णव भरले. तिसऱ्या सोमवारी चौऱ्याहत्तर, आणि चौथ्या सोमवारी त्रेसष्ट. तारा तोच होता, आरसा मंदावत होता. मग कुणीतरी घाईने कड्याचे हीटर लावले, आरसा तापवून बघितला. दोन-तीन कण परत आले, बाकीचा थर उन्हाने पक्का करून टाकला होता.

संशय पहिला कुणावर जाणार? आरसा जमिनीवरूनच घाण गेला असेल, असं लोक बोलू लागले. नाकेदारणीचं नाक म्हातारं झालं, असंही कुणी म्हणालं. थोरलीने कपाटातून शेवटचे सहा साक्षीदार काढून तपासणीला दिले. सहाही निर्मळ निघाले. प्रमुख स्वतः खाली आले, तिच्यासमोर उभे राहून म्हणाले, "बाई, तुमच्याकडून आरसा जसा जायला हवा तसाच गेला. पुढच्या दुर्बिणीचा आरसा तुमच्या हाताखाली राहील. चार माणसं देतो, आणि दारावर तुमचं नाव." दारावर नाव. त्या दिवशी थोरली बसमध्ये धाकटीच्या शेजारी बसली तेव्हा धाकटी खिडकीबाहेर बघत होती, आणि तिच्या अंगाला अत्तराचा वास नव्हता. थोरलीला आनंद झाला. नंतर त्या आनंदाची तिला भीती वाटली, पण झाला हे खरं.

आता दोष झाकणाकडे वळला, म्हणजे धाकटीकडे. चौकशीची बैठक दुपारी तीनला भरली. लांब टेबलाभोवती चौदा माणसं, टोकाला प्रमुख, त्यांच्या बाजूला टिपण घेणारा कारकून. आरशाची माहिती द्यायला म्हणून थोरलीलाही बोलावलं होतं. ती भिंतीलगतच्या खुर्चीत बसली.

धाकटीच्या हातात थोरलीची दैनंदिन वही होती.

"यात एक ओळ आहे," धाकटी म्हणाली. "पुढचं कडं पुन्हा चिकटवलं, भाजलेलं नाही. वाफ तिथूनच आली. झाकण उघडण्याआधी ही वही वाचायला हवी होती. मी नाही वाचली. निर्णय माझा होता, चूकही माझी."

"उघडण्याआधी तुम्ही कुणाला विचारलं होतं?" प्रमुखांनी विचारलं.

धाकटीने वही मिटली. तिने भिंतीकडे बघितलंही नाही.

"नाही. कुणालाच नाही."

खोलीतल्यांच्या नजरेत धाकटीविषयी आदर होता, हे थोरलीला दिसलं. चूक पत्करणारं माणूस, कुणाकडे बोट न दाखवणारं. म्हातारे शास्त्रज्ञ मान हलवत होते. कुणीतरी तिच्यासमोर पाण्याचा पेला सरकवला. ही बुडता बुडताही सगळ्यांच्या मनात चढत होती, आणि थोरली निर्दोष असून भिंतीलगत बसून होती. एवढंच नव्हे, यापुढे आयुष्यभर, रोज सकाळी, रोज बसमध्ये, थोरली हिच्या उपकाराखाली राहणार होती. केस हिचे, सासू हिची, भिंतीवरचं चित्र हिचं, आणि आता मोठेपणाही हिचाच?

कुणी म्हणेल, थोरलीचं मन पालटलं, तिला पश्चात्ताप झाला. पश्चात्ताप होता, नाही असं नाही. पण नुसत्या पश्चात्तापाने ती खुर्चीतून उठली नसती, मूग गिळून बसली असती. तिला उठवलं हेव्यानेच.

"ती खोटं बोलतेय," थोरली उभी राहून म्हणाली. "तिने मला विचारलं होतं. आदल्या दिवशी, घरी. मला ठाऊक होतं काय करायला हवं. कड्याचे हीटर आधी वीस दिवस लावायचे होते. मी सांगितलं नाही."

चौदा माना तिच्याकडे वळल्या.

"विसरलात?" प्रमुखांनी विचारलं. त्यांच्या आवाजात सुटकेची वाट काढून दिलेली होती.

"नाही. ओठांवर होतं."

"मग का सांगितलं नाहीत?"

"हेवा वाटत होता."

कारकुनाचं पेन थांबलं. त्याने प्रमुखांकडे बघितलं, प्रमुखांनी टेबलाकडे. अहवालात कारणांचे रकाने असतात: यंत्राचा दोष, प्रक्रियेतली त्रुटी, माहितीचा अभाव. यांपैकी कशात हे बसवावं ते कुणालाच सुचेना. शेवटी कारकुनाने माहितीचा अभाव असं लिहिलं. पुढच्या आरशाचं काम तूर्तास दुसऱ्या कुणाकडे दिलं जाईल, असं प्रमुखांनी शांतपणे सांगितलं आणि बैठक उठली. थोरलीला छाती हलकी झाल्यासारखी वाटली. आता दोघी सारख्या झालो, असं ती मनाशी म्हणाली.

कॉरिडॉरमध्ये धाकटी तिची वाट बघत होती. वही अजून तिच्या हातातच होती. थोरलीला वाटलं, आता ही हात धरेल, ताई कशाला बोललात म्हणेल, आणि तेही सहन करावं लागेल.

"मी ती ओळ वाचली त्या दिवसापासून," धाकटी म्हणाली, "स्वतःला सांगत होते, ताई विसरल्या असतील. एवढं काम, एवढी वर्षं, एखादी गोष्ट सुटते माणसाकडून. म्हणून मी नाव घेतलं नाही." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. "मला खरंच वाटलं होतं, तुम्ही विसरलात."

धाकटीने वही तिच्या हातात दिली, बोटांना बोट लागू न देता, आणि घड्याळ बघितलं. दुर्बीण अँटेनावर यायला सात मिनिटं होती. पासष्ट तर पासष्ट, तेवढ्या कणांत जे दिसेल ते बघायचं होतं, आणि दुर्बिणीचं तोंड कुणीतरी फिरवायला हवं होतं. धाकटी भराभर चालत नियंत्रण कक्षात गेली.

थोरली काचेबाहेर उभी राहिली. आत धाकटीने कानाला यंत्र लावलं, शेजारच्या माणसाला काही विचारलं, मान डोलावली. तिने एकदाही वर बघितलं नाही. त्या शेजारच्या माणसाचाही थोरलीला हेवा वाटला.